यंत्र आले, इंजिनिअर कधी येणार?

पुण्याजवळच्या चाकण, म्हाळुंगे, भोसरी या पट्ट्यात परदेशी यंत्र घेणाऱ्या लघुउद्योजकांशी आज बोलायचे आहे. यंत्राची पेटी शेडमध्ये उतरते, फाउंडेशन वाळते, वीज जोडली जाते, बँकेचा हप्ताही सुरू होतो. पण यंत्र चालू करून देणारा इंजिनिअर व्हिसाअभावी तिकडेच अडकतो. २०२० मध्ये गलवानमधल्या भारत-चीन चकमकीनंतर चिनी तंत्रज्ञांच्या व्हिसाची छाननी कडक झाली, तेव्हा देशभरच्या कारखान्यांनी हे भोगले.

अशा वेळी त्याला साध्या बिझनेस व्हिसावर बोलावून काम उरकून घ्यावेसे वाटते. कृपा करून तसे करू नका. तो व्हिसा सौद्यासाठी, बैठकांसाठी असतो. कंत्राटी कामाला साधारणपणे एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. उत्पादनक्षेत्रात यंत्र बसवून चालू करण्यासाठी मात्र वेगळ्या प्रकारच्या बिझनेस व्हिसाची सवलत आहे. ती आपल्याला लागू होते का, ते आधी विचारून घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात ह्युंदाई-एलजीच्या बॅटरी प्रकल्पावर धाड पडली आणि तीनशेहून अधिक कोरियन कामगार ताब्यात घेतले गेले. कारण मुख्यतः व्हिसाच्या प्रकाराचेच होते. त्याच ह्युंदाईचा कारखाना आपल्या तळेगावात आहे, म्हणून ही बातमी मला परकी वाटत नाही.

आपल्याकडेही १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला आहे. व्हिसाची मुदत संपल्यावर राहिल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परदेशी पाहुण्याला कंपनीच्या फ्लॅटवर उतरवले, तरी २४ तासांत ऑनलाइन कळवावे लागते. १८० दिवसांहून लांब व्हिसा असेल, तर सहसा १४ दिवसांत नोंदणीही करावी लागते. हे काम एचआरमधल्या एका माणसाच्या नावावर टाका. सगळ्यांचे म्हणून ठेवले की ते राहून जाते.

खरी तयारी मात्र परचेस ऑर्डरमध्येच व्हायला हवी. कोण येणार, कोणत्या व्हिसावर, तो न मिळाल्यास पुरवठादाराचा भारतातला माणूस येणार का, हे लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता ट्रायल पास झाल्यावरच द्या. यंत्र निघण्याआधी उत्पादकाकडे चाचणी होते, तिथे मालक बहुधा एकटेच जातात. मेंटेनन्सचा माणूस सोबत न्या. वायरिंग, पॅरामीटर, अलार्म त्याने तिथेच हाताळले, तर पुढचे निम्मे प्रश्न इथल्या इथे सुटतील. त्याचा पासपोर्ट काढलेला आहे का, हे उद्या शिफ्ट सुरू होताच विचारा.