परक्या घराचा कठडा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी उंच इमारतींच्या गॅलरीतून पडून होणाऱ्या मृत्यूंविषयी बोलणे कित्येकांस औचित्याला सोडून वाटेल. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्हीही क्षणभर घुटमळलो. परंतु आमची सारी हयात इमारती बांधण्यात गेली, आणि ज्या विषयातले आपल्याला दोन अक्षरे कळतात त्यावरच माणसाने बोलावे, असे आमच्या वडिलांचे सांगणे असे. शिवाय विषय वाटतो तितका दूरचा नाही. पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ स्थापन झाले तेव्हा आपली बहुतेक कुटुंबे बैठ्या घरांत राहत होती. दारापुढे अंगण होते. मूल पडले तर गुडघा फुटे आणि हळदीने बरा होई. आज त्याच घरांतली नातवंडे बाराव्या नि अठराव्या मजल्यावर वाढत आहेत. अंगणाची जागा गॅलरीने घेतली आहे, आणि अंगण व गॅलरी यांच्यात फरक एवढाच, की गॅलरीला कडा असते.

काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता आणि मंडळातील आणखी तीन जोडपी थायलंडच्या सहलीस गेलो होतो. पट्टाया येथे एका उंच इमारतीत सतराव्या मजल्यावर आमची उतरण्याची सोय होती. तिसऱ्या दिवशी सकाळी फिरावयास म्हणून खाली आलो, तो आवारात पोलीस उभे होते आणि हिरवळीच्या कडेला पांढरी चादर पसरलेली होती. पहारेकऱ्याने आम्हांस एवढेच सांगितले, "फरंग. एकटा राहायचा." फरंग म्हणजे गोरा परदेशी. आपल्या 'फिरंगी' शब्दाचाच हा भाऊबंद. दोघांचे मूळ एकच. पहारेकऱ्याला त्या गृहस्थांचा खोली क्रमांक ठाऊक होता, नाव मात्र ठाऊक नव्हते.

भोवती जमलेल्यांनी पाच मिनिटांत निकाल दिला. एक म्हणाला, प्यायला असेल. दुसरा म्हणाला, जिवाला कंटाळला असेल. तिसऱ्याने पैशाच्या भानगडीचा तर्क लढविला. मान वर करून गॅलरीच्या कठड्याकडे मात्र एकानेही पाहिले नाही. आम्ही खोलीवर परतलो. जुन्या सवयीने मोजपट्टी आमच्या बॅगेत असतेच. ती काढून आमच्या गॅलरीचा कठडा मोजला. जमिनीपासून तो ९० सेंटिमीटर भरला. त्याच्या पायथ्याशी दहा सेंटिमीटर उंचीचा सिमेंटचा ओटा होता, आणि त्यावर सहज पाऊल ठेवता येत होते. पाऊल तेथे ठेवले की कठडा उरतो ८० सेंटिमीटर. त्या गृहस्थांचे नेमके काय झाले ते आम्हांस कधीच कळले नाही, आणि न कळता त्यांच्याविषयी काही बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण तो आकडा आमच्या मनातून जात नाही.

आता थोडे शास्त्र. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य त्याच्या उंचीच्या साधारण ५५ टक्क्यांवर, बेंबीच्या किंचित खाली असतो. कठडा त्याहून उंच असेल तर तोल गेलेला माणूस कठड्यावर आपटतो आणि मागे येतो. कठडा त्याहून खाली असेल तर तो माणसाला अडवीत नाही, उलट तराजूच्या दांडीसारखा त्याला पलीकडे कलंडवितो. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा हा मध्य ८८ सेंटिमीटरवर येतो. ९० चा कठडा त्याला जेमतेम सांभाळतो. १८५ सेंटिमीटर उंचीच्या युरोपियनाचा मध्य येतो सुमारे १०२ वर. म्हणजे तोच कठडा एकाला आधार आहे आणि दुसऱ्याला अडखळण. परक्या घराचा कठडा आपल्या मापाने बसविलेला असेलच असे नाही, हे परदेशी माणसाच्या ध्यानात येत नाही. कारण ज्या देशात तो वाढला तेथे कायद्याने हे माप सांभाळलेले असते. ब्रिटनमध्ये गॅलरीच्या कठड्यास ११०० मिलिमीटर उंची लागते. अमेरिकेत मोठ्या इमारतींसाठी ४२ इंच. जन्मभर ज्या उंचीवर विसंबून टेकण्याची सवय अंगी मुरली, ती उंची परमुलखात हाताखाली सापडत नाही.

आणि पडणे किती वेळाचे असते? चार मजले म्हणजे सुमारे १२ मीटर. हे अंतर दीड सेकंदात संपते आणि जमिनीशी वेग ताशी ५५ किलोमीटर होतो. आठ मजल्यांवरून सव्वादोन सेकंद, वेग ताशी ७८. चौथ्या मजल्यावरून पडलेल्यांपैकी निम्मे दगावतात, असा अपघातवैद्यकाचा ढोबळ हिशेब आहे. तेव्हा 'आम्ही काही फार वर राहत नाही' या म्हणण्यात समाधान मानू नये. ब्रिटिश गायक लियाम पेन ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्युनोस आयर्स येथील एका हॉटेलाच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडून मरण पावले. त्यांचे वय अवघे ३१ होते.

पट्टायासारख्या ठिकाणी परक्यांच्या अशा मृत्यूंच्या बातम्या वारंवार का येतात, याचे एक कारण कायद्यात आहे. थायलंडमध्ये परदेशी माणसाला सहसा जमीन विकत घेता येत नाही. मात्र १९७९ च्या कायद्याखाली उभ्या राहिलेल्या सामायिक मालकीच्या इमारतींत एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंत सदनिका परदेशीयांच्या नावे होऊ शकतात. बैठे घर सहजी मिळत नाही म्हणून परका माणूस उंचावर जातो. त्यांतले पुष्कळसे निवृत्त आहेत, एकटे आहेत, औषधांवर आहेत. संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून पेला हाती घेऊन बसावे, हेच त्यांचे इतक्या दूर येण्याचे स्वप्न होते. वय, औषध, मद्य आणि बुटका कठडा ही चार माणसे एका गॅलरीत जमली की पाचव्याची गरज उरत नाही.

मद्याचा वाटा किती, हे स्पेनच्या मायोर्का बेटावर दिसून आले. तेथील शल्यचिकित्सकांनी २०१० ते २०१५ या काळात गॅलरीतून पडून रुग्णालयात आलेल्या ४६ पर्यटकांचा अभ्यास केला. जवळपास सारे तरुण पुरुष, सरासरी वय २४, निम्म्याहून अधिक ब्रिटिश, आणि बहुतेक सर्वांच्या पोटात मद्य. वृत्तपत्रांनी या प्रकाराला पोहण्याच्या तलावात उडी मारण्याचे वेड ठरवून टाकले होते. प्रत्यक्षात उड्या मारणारे थोडेच निघाले, तोल जाऊन पडणारे अधिक. २०२० मध्ये तेथील प्रादेशिक सरकारने मद्यपी पर्यटनाच्या काही वस्त्यांत गॅलरीतून उड्या मारण्यावर बंदी घालून जबर दंड लावला. ते योग्यच झाले. परंतु ज्याचा तोल जातो, त्याला दंडाची भीती अडवीत नाही; त्याला कठडाच अडवितो.

परके म्हणजे केवळ गोरे पर्यटक नव्हेत. सिंगापूरच्या उंच इमारतींत इंडोनेशिया, म्यानमार, फिलिपिन्स या देशांतून आलेल्या मोलकरणी घरकाम करतात. त्यांतल्या कित्येकींचे बालपण खेड्यातल्या बैठ्या घरांत गेलेले असते. खिडकीच्या काचा बाहेरून पुसताना त्यांतल्या काही पडून मेल्या, तेव्हा जून २०१२ मध्ये सरकारने नियम केला की, तळमजला किंवा सामायिक मार्गाकडील खिडक्या सोडून, बाहेरून काच पुसावयाची झाल्यास खिडकीला गज हवेत, ते कुलूपबंद हवेत आणि मालकाने किंवा त्याच्या प्रौढ प्रतिनिधीने जवळ उभे राहावयास हवे. या नियमात आम्हांस मोठे शहाणपण दिसते. 'काळजी घे' असे मोलकरणीला बजावून तो थांबत नाही. काळजीचे ओझे तो मालकाच्या खांद्यावर ठेवतो. आपल्या घरी धुणीभांडी करावयास येणारी बाई गॅलरीबाहेर वाकून तावदान पुसते, तेव्हा आपण कोठे असतो, हा प्रश्न प्रत्येकाने घरी जाऊन स्वतःस विचारावा.

कोणी म्हणेल, ज्याची भरली त्याला कोण राखणार? त्यांच्यासाठी आम्ही न्यूयॉर्कचा दाखला देतो. तेथे लहान मुले खिडक्यांतून पडत. १९७२ मध्ये शहराच्या आरोग्य खात्याने 'मुलांना उडता येत नाही' अशा अर्थाच्या नावाची मोहीम काढली, घरोघर जाऊन आईबापांना समजावले आणि खिडक्यांना लावण्यासाठी गज फुकट दिले. पडण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. १९७६ मध्ये दहा वर्षांपर्यंतचे मूल असलेल्या भाड्याच्या घरांत गज बसविणे मालकास सक्तीचे झाले. त्या मुलांची पत्रिका कोणी बदलली नव्हती. खिडकीला गज लागले होते, इतकेच.

आता आपल्या घराकडे वळू. मोजपट्टी घ्या आणि गॅलरीचा कठडा मोजा; मात्र जमिनीपासून नव्हे, जेथे पाऊल ठेवता येते तेथून. नवी फरशी जुन्या फरशीवर घातली असेल तर पाचसात सेंटिमीटर तेथेच गेलेले असतात. आमचा आग्रह असा, की मोकळा कठडा ११० सेंटिमीटरपेक्षा कमी नसावा. दोन गजांमधली फट दहा सेंटिमीटरहून अधिक नसावी. त्याहून रुंद फटीतून लहान मूल निसटू शकते. गज उभे असावेत. आडवे गज म्हणजे मुलासाठी शिडीच. कठड्यापाशी खुर्ची, स्टूल, कुंडी, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, काहीही ठेवू नये. लोखंडी कठडा भिंतीत जेथे शिरतो तेथे वर्षातून एकदा, पावसाळा सरला की, हाताने हलवून पाहावा. रंगाखाली गंज लपतो. कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्या कठड्याच्या आत असाव्यात. गावाकडून आलेल्या आईवडिलांना पहिल्याच दिवशी गॅलरी दाखवून ठेवावी. त्यांच्या पायांना ओटीची सवय असते. सहलीला गेलात तर खोलीत शिरताच आधी गॅलरी पाहावी, आणि कठडा कमरेखाली असेल तर रात्री तिचे दार लावून घ्यावे.

एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती मोजपट्टीत मावणारी नाही. या मृत्यूंपैकी काही आत्महत्या असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. तेथेही उंच कठडा उपयोगी पडतो. कारण निराशेचा तीव्र क्षण बहुधा टळण्यासारखा असतो, आणि तो टळला की पुष्कळ माणसे जगतात. पण कठड्याहूनही अधिक उपयोगी पडते ते दारावर वाजणारे बोट. आपल्या देशात २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. तो क्रमांक घरोघर माहीत असावा. मात्र दूरध्वनी उचलण्याचेही बळ ज्याच्यात उरले नाही, त्याच्याकडे आपणच जावयाचे असते.

पट्टायाच्या त्या पहारेकऱ्याला खोली क्रमांक ठाऊक होता, नाव नव्हते. आम्ही त्याला दोष देत नाही. शेकडो खोल्यांच्या इमारतीत तो तरी काय करील? पण आपणही या शहरी एके काळी परके म्हणूनच आलो होतो. भाषा येत नव्हती, भाजीवाल्याशी खुणांनी बोलत होतो. तेव्हा या मंडळाच्या संस्थापकांनी सायकलवर हिंडून दारावरच्या पाट्या वाचल्या आणि मराठी आडनाव दिसले की कडी वाजविली. अशाच एका पाटीवर आमचे नाव होते. आज सदनिकांच्या दारांवर पाट्या नाहीत, नुसते क्रमांक आहेत. मुले परदेशी गेल्यामुळे मागे एकटे राहिलेले आपले सभासद याच इमारतींत वरच्या मजल्यांवर राहतात. त्यांतले काही आज या सभेस आलेले नाहीत, आणि ते का आले नाहीत हे आपल्यापैकी कोणीच विचारलेले नाही.

म्हणून सुवर्णमहोत्सवानिमित्त आमची मंडळास दोनच कामांची विनंती आहे. तरुण सभासदांनी मोजपट्टी घेऊन प्रत्येक सभासदाच्या घरची गॅलरी मोजून यावी. आणि मोजून झाल्यावर लगेच निघू नये. चहा घ्यावा, थोडे बसावे, आणि निघताना पुन्हा कधी येऊ ते सांगून यावे.