कासवाच्या ताटात रानातलं काय नको?

इअरफोन लावलेत? आजचा भाग छोटा आहे, पण घरात कासव असेल तर शेवटपर्यंत ऐका.

आधी कायद्याचं. आपलं स्टार कासव घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. सुल्काटासारखं परदेशी कासव असेल तर परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते.

आता खाणं. बरेच जण म्हणतात, "प्राण्याला आपोआप कळतं काय खायचं ते." नाही हो! सुल्काटा मूळचं सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या गवताळ पट्ट्यातलं. तुमच्या सोसायटीचं कुंपण त्याला काय माहीत? हिरवं दिसलं की ते तोंड घालणार.

तर हे अजिबात नको: कण्हेर, पांढरी असो वा पिवळी, कारण तिचं विष थेट हृदयावर जातं. रुईचा चीक आणि पानफुटीची मांसल पानंही त्याच जातीची. घाणेरीनं यकृत बिघडतं. ती खाऊन गुरंसुद्धा दगावतात. धोतरा, एरंड, गाजरगवत, रानअळू हेही बाद. आणि सदाफुली? तिच्यापासून कॅन्सरची औषधं बनतात, म्हणजे ती किती जहाल असेल बघा.

पण ही यादी पाठ करून भागणार नाही, कारण ती कधीच पूर्ण होत नाही. आम्ही सर्व्हरचा फायरवॉल लावताना आधी सगळं बंद करतो, मग ओळखीचं तेवढंच आत सोडतो. इथेही तेच करा. हरळी, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, काटे काढलेला फड्या निवडुंग, एवढ्यावर सुरुवात होते. घोळ कधीतरीच, कारण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं आणि कवचाला तर कॅल्शियमच लागतं. झाड ओळखायच्या ॲपने नाव सांगितलं म्हणून लगेच पान तोडू नका. ॲप अंदाज करतं. रस्त्याकडेचं, फवारणी झालेलंही नको.

शेवटचं. कासवाचं पचन फार संथ असतं, त्यामुळे त्रास उशिरा दिसतो. तोवर काय खाल्लं होतं ते आपण विसरलेलो असतो. म्हणून नवीन पाला देताना फोटो काढून ठेवा. कासव सुस्त झालं, खाणं सोडलं, लाळ गळायला लागली, तर घरगुती उपाय न करता तो फोटो घेऊन सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जा.

कासव पाळणाऱ्या मित्राला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!