ओळखीचं घर आणि नोंदणीचा कागद

आज आम्ही आपल्या घराघरांतल्या एका काळजीविषयी बोलणार आहोत.

इंदूरहून मुलं-मुली नोकरीसाठी पुण्याला निघाली की आपल्याला आधी नातेवाईक आठवतात. कोथरूडला मावशी असते, कर्वेनगरला आत्या. त्यांच्या ओळखीत खोली मिळते. पण नोकरी हिंजवडीला असेल, तर रोजची ये-जा जीव काढते. मग वाकड, बाणेर बघावं लागतं. तिथे ओळख संपते आणि दलाल भेटतो.

आपल्याकडे किरायाने घर देताना अकरा महिन्यांचा मजकूर स्टॅम्पपेपरवर लिहिला की काम झालं, असा रिवाज आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून मोठ्या मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून हे अकरा महिने! महाराष्ट्रात मात्र तेवढ्याने भागत नाही. तिथल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. शिवाय ही नोंदणी आता घरबसल्या, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर होते.

तरी 'आपलीच माणसं, कागद कशाला?' असं म्हटलं जातंच. घर घेताना सगळे गोड बोलतात. खरी परीक्षा घर सोडताना होते. रंगाचे किती कापायचे, अनामत कधी परत मिळणार, सोसायटीचा मेंटेनन्स कोणी भरायचा, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग पैसे तर जातातच, वर मावशीशीही अबोला धरला जातो. कागद म्हणजे अविश्वास नव्हे. नातं जपायचं असेल, तर कागद हवाच.

म्हणून मुलांना एवढं सांगून पाठवा: घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. घरमालकाचं नाव वीजबिलाशी किंवा मालमत्ता कराच्या पावतीशी ताडून बघा. अनामत बँकेतूनच द्या. ताबा घेताना भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढून ठेवा.

आणि पुण्यात स्थिरावलेल्या आपल्या मुलांना आमची विनंती आहे. नव्याने येणाऱ्याला घर शोधून द्याच. पण करारावर सही होईल त्या दिवशी त्याच्या शेजारी जाऊन बसा. परक्या शहरात एवढा आधार पुष्कळ होतो.

गणपती बाप्पा मोरया!