परराष्ट्रधोरण वाचावे कसे? ग्रीनलंडचा धडा
(अभ्यासवर्गातील भाषण)



२०१९ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी ग्रीनलंड विकत घेण्याची भाषा केली, तेव्हा अनेकांनी ती एका व्यक्तीची लहर मानली. परंतु १९४६ सालीच ट्रुमन सरकारने त्या बेटासाठी डेन्मार्कला १० कोटी डॉलर्सचे सोने देऊ केले होते. उत्तर ध्रुवाभोवतालच्या राष्ट्रांचे धोरण एका दिवसाच्या बातमीवरून कळत नाही. त्यासाठी अनेक दशकांचा काळ एकत्र पाहावा लागतो.

डेन्मार्कचेच पाहा. १९४९ साली तो नाटोत गेला. १९५१ साली त्याने ग्रीनलंडच्या संरक्षणाबाबत अमेरिकेशी करार केला आणि थुले येथे अमेरिकेचा प्रचंड हवाई तळ उभा राहिला. रशिया आणि अमेरिका यांमधील जवळची वाट ध्रुवावरून जाते, हे त्यामागील कारण. १९५३ साली डेन्मार्कच्या नव्या राज्यघटनेने ग्रीनलंडचे वसाहतपण संपुष्टात आणले. त्याच वर्षी तळाच्या विस्तारासाठी तेथील इनुइट शिकाऱ्यांना शंभराहून अधिक किलोमीटर उत्तरेकडे हलवण्यात आले!

१९५७ साली डेन्मार्कने जाहीर केले की, आपल्या भूमीवर अण्वस्त्रे ठेवू दिली जाणार नाहीत. त्याच वर्षी पंतप्रधान हान्सन यांनी अमेरिकेला गुप्त टिपण धाडून ग्रीनलंडपुरती मूक संमती दिली. २१ जानेवारी १९६८ रोजी चार हायड्रोजन बॉम्ब घेऊन उडणारे विमान थुलेजवळ समुद्रावरील बर्फात कोसळले आणि प्लुटोनियम विखुरले. हान्सन यांचे टिपण मात्र उजेडात आले ते १९९५ साली. हे हान्सन सोशल डेमॉक्रॅट होते, हे आपण विसरता कामा नये. पक्षाच्या नावावरून धोरणाची पारख होत नाही, हा कटू धडा आपल्यालाही लागू आहे.

म्हणून अभ्यासकाने तीन गोष्टी शेजारी ठेवाव्यात: जाहीर घोषणा, पुढे खुली झालेली कागदपत्रे, आणि त्या भूमीवरील माणसांचे प्रत्यक्ष जीवन. या तिन्हींत जेथे अंतर दिसते, तेथेच धोरणाचे खरे स्वरूप सापडते.

धोरण बदलतही असते. १९७९ साली ग्रीनलंडला गृहशासन मिळाले. २००४ साली १९५१ च्या करारात दुरुस्ती झाली, तेव्हा ग्रीनलंडच्या सरकारचीही स्वाक्षरी झाली. २००९ च्या कायद्याने तेथील जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केला. विस्थापित शिकाऱ्यांनी न्यायालयात दाद मागितली. १९९९ साली डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी त्यांची क्षमा मागितली. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मान्य केली, परतण्याचा हक्क मात्र नाकारला.

हा बदल केवळ मुत्सद्द्यांच्या औदार्यातून आलेला नाही. ज्यांना कोणी विचारले नव्हते, ती माणसे प्रश्न विचारू लागली, तेव्हा तो घडू लागला. परराष्ट्रधोरणाचा इतिहास वाचताना या माणसांचा शोध प्रथम घ्यावा, एवढेच माझे सांगणे आहे.