'अंडरनीथ' ऐकताना ब्लूटूथ चेक करू नका

आज सुरुवातीलाच एक सूचना. आज ज्या अल्बमबद्दल बोलणार आहे, तो लावलात की मधेच आवाज तुटेल, अडकेल, क्षणभर काहीच ऐकू येणार नाही. लगेच ब्लूटूथ चेक करू नका. नेटही ठीक आहे. तो अल्बम तसाच बनवलाय.

बँड आहे कोड ऑरेंज आणि अल्बमचं नाव 'अंडरनीथ'. म्हणजे खाली, वरून दिसत नाही तिथे.

आधी थोडी ओळख. पिट्सबर्ग हे अमेरिकेतलं, एकेकाळी पोलादासाठी ओळखलं जाणारं शहर. तिथे २००८ मध्ये शाळेत शिकणाऱ्या काही मुलामुलींनी हा बँड काढला. तेव्हा नाव होतं कोड ऑरेंज किड्स. मोठे झाले, मग नावातलं 'किड्स' गेलं. २०१७ मध्ये 'फॉरेव्हर' हा अल्बम आला आणि त्यातल्या त्याच नावाच्या गाण्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. आता असा फॉर्म्युला सापडल्यावर कुणीही काय करेल? तोच पुन्हा वापरेल. यांनी तसं केलं नाही.

मेटलकोअर नवीन असेल त्यांच्यासाठी सांगतो. हार्डकोअर पंकचा राग आणि मेटलची जड गिटार, असं हे मिश्रण. त्यात ब्रेकडाऊन नावाचा प्रकार असतो. गाण्याचा वेग एकदम पडतो आणि गिटार-ड्रम मिळून एकेक घाव घालायला लागतात. त्याच्या आधी बऱ्याचदा छोटीशी शांतता असते. ती शांतता म्हणजे इशारा: तयार राहा, आता येतंय.

'अंडरनीथ'मध्ये नेमका हा इशाराच काढून घेतलाय. शांतता येते, पण कुठेही येते. कधी ओळ संपायच्या आत, कधी रिफच्या मधोमध. पुढे काय येणार हे कळत नाही. 'स्वॉलोइंग द रॅबिट होल' ऐका, म्हणजे कळेल. आवाजाचे तुकडे करून परत चिकटवल्यासारखं वाटतं.

याच्यामागे बरीच मेहनत आहे. शेड बाल्डरोज हा बँडमधला माणूस कीबोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक्स सांभाळत होता. जोडीला प्रोग्रॅमिंगसाठी होता क्रिस व्रेना, जो आधी नाइन इंच नेल्समध्ये होता. जेमी मॉर्गन आणि निक रास्कुलिनेझ यांनी निर्मिती केली. म्हणजे हे अडखळणं अगदी मोजूनमापून केलेलं आहे.

पण कशासाठी? अल्बमचा विषयच तो आहे. सतत स्क्रीनवर दिसत राहणारे आपण, आणि त्याखाली दाबून ठेवलेले आपण. वर सगळं छान. प्रोफाइल छान, स्टेटस छान. खाली जे ढकललंय, ते कुठे जात नाही. ते मधेच वर येतं आणि चालू असलेलं सगळं तोडतं. मला तरी ते तुटणारे आवाज असेच ऐकू येतात: खालचं कुणीतरी वरच्याचा माइक खेचतंय.

म्हणून रीबा मायर्स 'सल्फर सराउंडिंग' किंवा 'अ स्लिव्हर'मध्ये सुरात गायला लागते, तेव्हा हायसं वाटत नाही. उलट जास्त भीती वाटते. एवढ्या गोंधळात कुणी शांतपणे बोलायला लागलं की आपण जसे सावध होतो, तसं.

सगळंच जमलंय असं नाही हं. १४ ट्रॅक आहेत आणि मधल्या भागात कान थकतात. काही कोरस तर सरळ नव्वदीच्या रेडिओवरचे वाटतात. पण प्रयोग करणाऱ्याला एवढी सूट मी देतो.

आता तारीख बघा. अल्बम आला १३ मार्च २०२०ला. स्क्रीनमध्ये अडकलेल्या माणसांवरचा अल्बम, आणि त्याच आठवड्यात सगळं जग स्क्रीनमागे जायला लागलं! दुसऱ्या दिवशी पिट्सबर्गजवळच्या रॉक्सियन थिएटरमध्ये त्यांचा शो होता. समोर प्रेक्षक येणं शक्य नव्हतं. त्यांनी रिकाम्या थिएटरमध्ये पूर्ण ताकदीने शो केला आणि ट्विचवर लाइव्ह दाखवला. मेटलकोअरचा शो म्हणजे घाम, धक्काबुक्की, एकमेकांच्या अंगावर पडणं. इथे समोर फक्त कॅमेरे.

त्याच वर्षी त्यांनी 'अंडर द स्किन' नावाने यातली काही गाणी जड आवाज काढून, हळू करून वाजवली. तेही ऐका. गोंधळ काढून घेतल्यावर गाणी कोसळत नाहीत, म्हणजे खाली खरंच काहीतरी होतं.

तर करायचं काय? शफल बंद. नोटिफिकेशन बंद. साधारण पाऊण तास काढा आणि पहिल्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, म्हणजे 'अंडरनीथ'पर्यंत, सलग ऐका. आपण अस्वस्थ झालो की अंगठा आपोआप पुढच्या रीलवर जातो. हा अल्बम त्या अंगठ्याला थांबवतो. मनातलं ओझं उतरवायला अल्बम पुरत नाही, त्यासाठी माणूसच लागतो. पण खाली काहीतरी आहे, एवढं तरी हा अल्बम ऐकवतो.

ऐकून झाल्यावर कुठल्या गाण्यावर थांबलात ते कळवा. भेटू पुढच्या भागात. आवाज जरा बेतानेच ठेवा, कान एकच जोडी आहे!