बुरशीचें देणें

शिळ्या भाकरीवर हिरवट बुरशी दिसली कीं गृहिणी ती भाकरी तत्काळ टाकून देते, आणि तें योग्यच आहे. परंतु पावसाळ्यांत आवडीनें खाल्ली जाणारी अळंबी आणि ही बुरशी एकाच कुळांतील होत. आणि याच कुळानें हृदयरोग्यांस एक मोलाचें औषध दिलें आहे.

उत्तर जपानांतील अकिता प्रांतांत १९३३ सालीं एका शेतकरी कुटुंबांत अकिरा एंडो यांचा जन्म झाला. माशांस मारणारी, पण माणसास न मारणारी एक अळंबी त्या भागांत मिळे. तिनें या मुलाचें मन वेधून घेतलें. पुढें टोकियोंतील सांक्यो या औषधी कंपनींत असतांना त्यांनीं कोलेस्टेरॉलचा प्रश्न हातीं घेतला. हा मेणासारखा पदार्थ शरीरास हवाच असतो. पण रक्तांत तो फाजील झाला म्हणजे धमन्यांच्या भिंतींत सांचतो, वाट अरुंद होते आणि एखादे दिवशीं हृदयाचा रक्तपुरवठाच खुंटतो. त्याचा बराचसा भाग अन्नांतून येत नाहीं, शरीरांतच, विशेषतः यकृतांत, तयार होतो. ही निर्मितीच मंद करतां येईल काय?

बुरशी आपल्या शेजारच्या जंतूंस रोखण्याकरितां असें एखादें द्रव्य निर्माण करीत असावी, असा एंडो यांनीं तर्क केला. १९७१ पासून सुमारें दोन वर्षें सहा हजारांवर नमुने तपासण्यांत गेलीं. अखेर १९७३ मध्यें क्योटो येथील एका दुकानांतल्या तांदुळावरील बुरशींत तें द्रव्य सांपडलें. पण उंदरांवर त्याचा कांहींच परिणाम होईना! काम बंद पडण्याची वेळ आली. तेव्हां अंड्याच्या बलकांत कोलेस्टेरॉल विपुल असतें हें ध्यानांत घेऊन १९७६ मध्यें अंडीं घालणाऱ्या कोंबड्यांवर प्रयोग झाला, आणि त्यांच्या रक्तांतील कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आलें.

याच जातीचें, दुसऱ्या एका बुरशीपासून मिळालेलें लोव्हास्टॅटिन अमेरिकेंत १९८७ सालीं मान्य झालें. स्कँडिनेव्हियांतील ४४४४ हृदयरोग्यांवरील प्रयोगाचा निष्कर्ष १९९४ मध्यें प्रसिद्ध झाला. सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यूचें प्रमाण सुमारें तीस टक्क्यांनीं कमी आढळलें.

आतां ताटांतील अळंबीविषयीं. महाराष्ट्रांत पिकविल्या जाणाऱ्या धिंगरी अळंबींतही लोव्हास्टॅटिन असतें. मात्र त्याचें प्रमाण वाणागणिक व पिकागणिक बदलतें. म्हणून धिंगरीची भाजी म्हणजे औषधाची मात्रा नव्हे. भाजी या नात्यानें ती उत्तमच आहे. तींत स्निग्धांश थोडा, तंतू पुष्कळ आणि कोलेस्टेरॉल नाहीं. परंतु वैद्यानें दिलेली गोळी सोडून कोणी अळंबीच्या चूर्णावर विसंबला, तर धमनींतील संकट नकळत वाढत राहील. आणि गोळीबरोबर चूर्णही घेतलें, तर एकाच जातीचें औषध दुप्पट होण्याचा संभव आहे. यास्तव असें चूर्ण घेण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें, आणि अनोळखी रानअळंबीस तर हातही लावूं नये.

एंडो २०२४ सालीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं निवर्तले. त्यांनीं दाखविलेल्या वाटेनें निघालेली गोळी आज असंख्य घरांत रात्रीच्या जेवणानंतर घेतली जाते.