छोटी लाईन



साहित्याच्या व्यासपीठावर रेल्वेचा विषय पाहून काहींना नवल वाटलं असेल. पण आपलं लष्कर मुळात दौलतराव शिंद्यांची छावणी. मुक्काम स्थिरावला आणि त्याचं शहर झालं. अशा गावाला प्रवासाचा विषय परका कसा?

छोट्या लाईनची कथा महाराज माधवरावांच्या हौसेपासून सुरू होते. स्वतः इंजिन चालवण्याचा त्यांना नाद होता. जयविलासातली जेवणाच्या टेबलावरची चांदीची गाडी आपण पाहुण्यांना दाखवतोच. बाहेरची गाडी मात्र खेळणं राहिली नाही. 1899 साली व्हाइसरॉय कर्झन यांच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. भिंड आणि शिवपुरीकडे फाटे गेले. 1904 मध्ये रूळ सबलगढला पोचले, 1909 मध्ये श्योपूरला. दोन रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट, आणि ग्वाल्हेर ते श्योपूर वाट जवळजवळ 200 किलोमीटर! माथेरानची गाडीही दोन फुटांचीच. पण ती डोंगरावर हवा खायला जाणाऱ्यांची. आपली गाडी बाजाराला, कोर्टकचेरीला, माहेराला जाणाऱ्यांची.

मला तिची गोडी लागली ती घोसीपुरा स्टेशनावर. नोकरीतून मोकळा झाल्यावर सकाळी तिकडे फिरायला जात असे. डबे भरलेले, टपावरही दाटीवाटीनं माणसं बसलेली. श्योपूरला पोचायला दहा-अकरा तास लागत. एका म्हाताऱ्या प्रवाशाला विचारलं, बसनं का जात नाही? तो म्हणाला, "बस हमारे गाँव पर कहाँ रुकती है, बाबूजी!" त्या दिवसापासून मी या गाडीला वेगाच्या मापानं मोजणं सोडलं. ती कुठं कुठं थांबते, ते पाहू लागलो.

2020 मध्ये टाळेबंदीत थांबलेली ही गाडी पुन्हा सुटली नाही. त्या मार्गावर आता मोठी लाईन येते आहे. तिचं स्वागतच करायला हवं. टपावर बसून जाण्यात काव्य नाही, जिवाला धोका आहे. पण रूळ निघाले की त्या प्रवासाच्या आठवणीही विरत जातात, याची मला काळजी वाटते.

1951 मध्ये शिंदे संस्थानची रेल्वे मध्य रेल्वेत गेली. त्याआधीच्या चाकरीचे हुकूम, पास, पत्रं आपल्यापैकी कुणाच्या ट्रंकेत अजून असतील. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत जाण्याआधी एकदा वाचा. मोडीत असतील तर वाचणारा शोधा. घरात आजी असेल तर तिला विचारा: बरोबर शिदोरी काय असे, कुठल्या स्टेशनावर पाणी गोड लागे, सामान कोण चढवून देई? सन-तारखा सरकारी दप्तरात मिळतील. हे तिथं मिळणार नाही. ते आजीच्या तोंडून, ती आहे तोवरच उतरवून घ्यायला हवं.

प्रत्येक घरानं एकेक पान लिहिलं, तरी या गाडीचा इतिहास महाराजांच्या हौसेपाशी न थांबता तिच्या प्रवाशांपर्यंत पोचेल.